गाडी हवा खातीय

मामांची आरएक्स १०० चालू व्हायची, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली यायची नाही. सिग्नलला उभी केली की आपोआप चढायची आणि बाजूचे लोक बघायचे, की हा गृहस्थ कुणाला घाई दाखवतोय. स्क्रू फिरवून रेस उतरवली, तर पुढच्या चौकात गाडी बंद. दोन गॅरेजं झाली, तीनदा कार्बोरेटर धुऊन झाला, प्लग नवा, जेट एक नंबर मोठा. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी ढकलत नेली.

मिस्त्रींनी पाना उचलला नाही. न्हाव्याच्या दुकानात असते तसली पाण्याची फवारणीची बाटली घेतली, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधल्या काळ्या रबरावर दोन फवारे मारले. रेस एकदम खाली आली, इंजिन अडखळलं, आणि पाणी ओढून संपताच पुन्हा चढलं.

"कार्बोरेटर कशाला सारखा उघडताय? गाडी हवा खातीय बघा. रबर मेलंय ह्याचं."

मराठीत माणसं महाबळेश्वरचीही हवा खातात आणि तुरुंगाचीही. गाडीनं खाल्लेली हवा यातल्या दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, कारण तिची शिक्षा भोगावी लागते. ती खाऊ घालणारा हा मुठीत मावेल एवढा रबराचा तुकडा म्हणजे गाडीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग असावा. टाकीला पॉलिश होतं, सायलेन्सरला क्रोम होतं, चेनला तेल मिळतं. याला कुणी पुसतही नाही.

आरएक्स १०० मध्ये हवेच्या वाटेवर रबराचे दोन मुख्य तुकडे आहेत. फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरच्या मागच्या तोंडापर्यंत येतो तो फिल्टरचा बूट. कार्बोरेटरच्या पुढून इंजिनाकडे जातो तो दुसरा. पार्टच्या यादीत त्याला कार्बोरेटर जॉइंट म्हणतात. गॅरेजात कुणी मॅनिफोल्ड म्हणतं, कुणी नुसतंच रबर. त्याच्या एका टोकाला धातूची चपटी पट्टी रबरात पक्की बसवलेली असते, ती बोल्टांनी इंजिनावर बसते. दुसऱ्या गोल तोंडात कार्बोरेटर सरकवून वरून क्लिप आवळतात.

तिथे रबरच का, हे विचारण्यासारखं आहे. सिलेंडर तापतो, आणि ती उष्णता थेट कार्बोरेटरमध्ये गेली तर वाटीतलं पेट्रोल उकळू लागेल. रबर ती अडवतं. इंजिन थरथरतं, आणि ती थरथर वाटीत पोचली तर पेट्रोलला फेस येऊन फ्लोटचा हिशेब चुकेल. रबर तीही गिळतं. हे दोन्ही करताना सांध्यातून बाहेरची हवा मात्र आत येऊ द्यायची नाही. त्याच काळातल्या शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्यांनी ॲल्युमिनियमचा पाइप, बेकेलाइटचा इन्सुलेटर आणि ओ-रिंग अशी कामाची वाटणी केली. आरएक्समध्ये सगळं ओझं एकट्या रबरावर.

एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. या आकड्यांतच तिच्या उड्या मारण्याचं रहस्य आहे. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती थांबली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यांत तरुण आरएक्स १०० देखील पंचविशी ओलांडून गेलेली आहे. त्यातल्या कित्येक गाड्यांचं पिस्टन दोन-तीनदा बदललं, सिलेंडर बोअर झाला, रंग चार वेळा चढला. रबर मात्र मूळचंच. लोक ते कौतुकानं सांगतात, "एकदम ओरिजिनल आहे." या एका भागाच्या बाबतीत ओरिजिनल असणं हे गाडीचं दुखणं आहे.

जास्तीत जास्त ताकद देताना हे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेतं. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला श्वास घेतं, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. या प्रत्येक श्वासाला रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्या उघडतात आणि मिटतात, आणि त्यांच्या अगदी तोंडाशी हे रबर बसलेलं असतं. पण गंमत अशी, की भेग पडली तर ती सुसाट गाडीत फारशी जाणवत नाही. तेव्हा कार्बोरेटरचा दरवाजा सताड उघडा असतो, इतकी हवा येते की केसाएवढ्या भेगेतून आलेली हवा हिशेबातही धरली जात नाही. गाडी उभी असताना दरवाजाला जेमतेम फट असते, आतून ओढ जोरात असते, आणि मग तीच भेग मोठी वाटेकरी होते. म्हणून हे दुखणं सिग्नलला दिसतं आणि हायवेवर दिसत नाही. मालक म्हणतो, पळताना एकदम मस्त आहे, फक्त आयडलिंग लागत नाही. मिस्त्री आयडलिंगचा स्क्रू फिरवतो. दोघंही चुकीच्या दारात उभे.

एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण गरम जळतं, प्लगचं टोक विटकरी असायचं ते चुन्यासारखं पांढरं पडतं. चार-स्ट्रोकमध्ये हे बरंच चालून जातं. टू-स्ट्रोकला ते झेपत नाही. आरएक्समध्ये टू-टी तेल वेगळ्या टाकीतून पंपानं जातं, आणि पंप किती तेल द्यायचं ते इंजिनाच्या वेगावर आणि ॲक्सिलरेटर किती ओढलाय त्यावर ठरवतो. आता भेगेमुळे इंजिन भन्नाट फिरतंय, पण ॲक्सिलरेटर बंद आहे. पंपाच्या मते गाडी आराम करतेय. तेल कमी, ताप जास्त, आणि पिस्टनला थंड करणारं पेट्रोलही कमी. घाटात अशी गाडी सीझ होते, मागचं चाक लॉक होतं, आणि सिलेंडर उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. काही मिस्त्री यावर जेट मोठा करतात. माझ्या मते ही सगळ्यांत वाईट दुरुस्ती, कारण ती थोडी लागू पडते. जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल देऊन हिशेब जुळवला जातो आणि भेग आत वाढत राहते.

रबर मरतं म्हणजे काय होतं? इथे १८३९ सालात जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला कळलं की रबरात गंधक घालून ते तापवलं की उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारा हा पदार्थ माणसाळतो. रबराचे लांब रेणू भांड्यातल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले पण सुटे असतात. गंधक त्यांच्यात अधूनमधून टाके घालतं. थोडे टाके पडले की ताणून परत येणारं रबर. शेकडा तीसहून जास्त गंधक घालून टाकेच टाके मारले की एबोनाइट, ज्याचे फाउंटन पेन आणि कंगवे होत. मऊ बूट आणि कडक कंगवा यांत फरक फक्त टाक्यांचा.

कारखान्यात साच्यातून जॉइंट काढला की शिजवणं संपलं असं आपण समजतो. ते संपत नाही. जॉइंट सिलेंडरला खेटून बसवला जातो, आणि सिलेंडर ही एक चूलच आहे. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. उरलेलं गंधक आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वर्षानुवर्षं नवे टाके घालत राहतात. गुडइयरची चूल तीस वर्षं मंद आचेवर पेटलेली राहते, आणि जॉइंट हळूहळू कंगव्याकडे सरकत जातो.

दुसरं दुखणं तेलाचं. हे रबर झाडाच्या चिकाचं नसतं. आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराचे मळे आहेत, पण त्या चिकाचं रबर पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. पेट्रोल सोसणारं नायट्राइल रबर जर्मनीत १९३० च्या दशकात तयार झालं, आणि पेट्रोलशी संबंध असलेल्या जागी बहुतेक वेळा तेच वापरतात. ते मऊ राहावं म्हणून त्यात विशिष्ट तेलं मुरवलेली असतात. पेट्रोल आत-बाहेर करताना ही तेलं थोडी थोडी धुऊन नेतं. गाडी वापरात असेपर्यंत पेट्रोलच त्या जागा भरून काढतं. गाडी दोन वर्षं उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि रबर आक्रसतं. मामांची गाडी गोठ्यात चार वर्षं ताडपत्रीखाली होती. उभी ठेवली म्हणून जपली गेली, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

तिसरा शत्रू ओझोन. नायट्राइल पेट्रोलला दाद देत नाही, पण ओझोनला बळी पडतं. ओझोन रेणूच कापतो, आणि कापतो तो जिथे रबर ताणलेलं असेल तिथे. म्हणून भेगा क्लिपच्या काठाशी आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सापडतात, ताणाला आडव्या. सरळ धरून बघितलं तर रबर धडधाकट दिसतं. हातात घेऊन उलट वाकवलं, उन्हात धरलं, की म्हाताऱ्याच्या टाचेसारख्या भेगा उघडतात.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली. पेट्रोलमधल्या मिश्रणानं जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या पैशांवर घरं उभी राहिली आहेत, त्यामुळे इथेनॉलला शिव्या देताना जीभ अडखळते. तरी खरं ते सांगायला हवं. १९८५ सालच्या रबराच्या घडणीत हे पेय धरलेलंच नव्हतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल नायट्राइलला निव्वळ पेट्रोलपेक्षा जास्त फुगवतं आणि आतली तेलं ओढून काढतं. शिवाय इथेनॉलच्या पोटातच ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आपोआप थोडं पातळ होतं. भेगेतून हवा खाणाऱ्या गाडीला हा वरून मिळालेला घास.

मग रबर पुन्हा जिवंत करता येतं का? या प्रश्नावर जुन्या गाड्यांच्या लोकांत दोन पंथ आहेत, आणि पहिल्या पंथाचं तीर्थ आपल्या आजीच्या कपाटात सापडतं. गंधपुऱ्याचं तेल. गुडघ्याला चोळायच्या मलमांचा तो ओळखीचा वास याचाच. त्यातलं मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट. जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन एक भाग गंधपुरा आणि तीन भाग झायलीन असं मिश्रण करून कडक रबर त्यात काही तास ते दोन-तीन दिवस बुडवून ठेवतात. झायलीन रबर फुगवून वाट मोकळी करतं, गंधपुरा आत शिरून रेणूंच्या मधे वंगणासारखा बसतो. बाहेर काढल्यावर रबर सुजलेलं दिसतं. ते आठवडाभर सुकू दिलं की झायलीन उडून जातं, गंधपुरा मागे राहतो.

मी हे फिल्टरच्या बुटावर करून पाहिलं. काढताना तो टेबलावर आपटला तर कप ठेवल्यासारखा टक् वाजत होता. दोन दिवसांनी बोटानं दाबला तर दबत होता. घरात मात्र कुणीतरी कंबर धरून बसलंय असा वास आठवडाभर दरवळला, आणि हे मी गच्चीत केलं म्हणून बरं. झायलीनची वाफ डोक्यात जाते आणि ठिणगीनं पेट घेते. गंधपुऱ्याचं तेल त्याहून फसवं: एका चमच्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. घरात लहान मूल असेल तर ती बाटली आणूच नका.

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मऊ झालं हो. पण भेग शिवली का त्यानं?"

त्या प्रश्नात सगळं उत्तर आलं. गंधपुरा टाके उसवत नाही, तुटलेले रेणू जोडत नाही. सुरकुतलेल्या आमसुलाला पाण्यात टाकलं की ते फुगतं, त्याचा पुन्हा रातांबा होत नाही. काही महिन्यांनी ते तेलही उडतं किंवा पेट्रोलबरोबर निघून जातं. म्हणून मिस्त्रींचा नियम असा, आणि तो मला पटला: कार्बोरेटरच्या मागचं रबर वाचवायचं, पुढचं बदलायचं. मागच्या बुटाचं काम फिल्टर केलेली हवा आणून देणं. तो नुसता कडक झाला असेल तर मऊ करून पुन्हा नीट बसवता येतो, आणि मुळातला आकार बाजारातल्या बुटांपेक्षा चांगला बसतो. मात्र तोही फाटला असेल तर धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते, तेव्हा ममता नको. पुढचं रबर इंजिनाच्या ओढीखाली असतं. तिथे भेग म्हणजे बदली, चर्चा नाही. आणि त्यात एक आतली गोम आहे. धातूची पट्टी आणि रबर साच्यातच चिकटवलेले असतात. बऱ्याचदा रबर मऊ असतं आणि तो चिकटलेला सांधाच सुटलेला असतो, जो बाहेरून दिसत नाही. अशा रबराला तेलात बुडवणं म्हणजे सुटलेला सांधा आणखी सोडवणं.

इतर जुगाड इथे सांगून टाकतो, म्हणजे कुणी नव्यानं शोधायला नको. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं: घरी पोचण्यापुरतं ठीक. पंक्चरचं सोल्यूशन: पेट्रोलनं सुटतं. मळून लावायची लांबी: रबर हलतं, लांबी हलत नाही, तिसऱ्या दिवशी तडा. साधं सिलिकॉन: पेट्रोलमध्ये फुगून त्याचे तुकडे रीडमध्ये जाऊन बसतात. ब्रेक ऑइल: ते नायट्राइलसाठी नाहीच.

बदलायचं काम अर्ध्या तासाचं, पण हाताला वळण हवं. जुन्या कडक रबरातून कार्बोरेटर ओढून काढताना लोक स्क्रूड्रायव्हरनं उचकटतात आणि कार्बोरेटरच्या काठाला खाच पाडतात. मिस्त्रींनी किटलीतलं गरम पाणी रबरावर ओतलं, मिनिटभर थांबले आणि कार्बोरेटर बाटलीच्या बुचासारखा फिरवत काढला. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडताना रीडच्या तोंडात फडकं कोंबलं. नव्या जॉइंटची धातूची पट्टी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली. चार-सहा वेळा फिरवल्यावर दिसलं की कडांवर चमक आलीय आणि मध्यावर नाही. म्हणजे नवा पार्ट मुळातच वाकडा. सपाट होईपर्यंत घासला. नवं पॅकिंग, बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे, जोर न लावता, कारण जास्त आवळले की पट्टी पुन्हा वाकते. कार्बोरेटर बसवण्याआधी तोंडाला टू-टी तेलाचं बोट. क्लिप रबर दबेल इतकीच, रुतेल इतकी नाही.

मग त्यांनी एक यंत्र काढलं ते पाहून मी चाट पडलो. डॉक्टरकडचं रक्तदाब मोजायचं. कार्बोरेटरच्या जागी बूच, सायलेन्सरच्या तोंडाला बूच, आणि फुगा दाबून काटा २५० पर्यंत. टू-स्ट्रोकचं पोट बंद डबीसारखं असतं. सगळं ठीक असेल तर काटा काही मिनिटं जागच्या जागी राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. रबर नवं असूनही काटा उतरला, तर संशय क्रँकच्या सीलवर. तेही रबरच, आणि तेही तेवढंच म्हातारं. आमचा काटा उतरला नाही. जेट परत मूळ नंबरचा घातला, हवेचा स्क्रू लावला. गाडी दुसऱ्या किकला चालू झाली आणि रेस सोडताच खाली येऊन एका सुरात थांबली.

हा जॉइंट मिळवताना मला जे शिक्षण झालं त्याचीही नोंद हवी. पहिला मी पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानातून आणला होता. चकचकीत पाकीट, आत काळंभोर रबर. पेट्रोलच्या वाटीत एक कातरण दोन दिवस टाकलं तर ते दीडपट फुगलं. दिसायला, वासाला, किमतीला रबर, जात चुकीची. ऊन-पावसात टिकणारं ईपीडीएम नावाचं रबर खिडक्यांच्या पट्ट्यांना उत्तम, पेट्रोलला निकामी, आणि काळ्या रंगात दोन्ही सारखीच दिसतात. दुसरा मिळाला तो "कंपनीचा जुना स्टॉक", जास्त पैसे देऊन. पाकीट पिवळं पडलेलं बघून मला आनंदच झाला. वाकवून बघितलं तर पाकिटातच भेगा. रबर साठवण्यासंबंधीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२३० नायट्राइलला साठवणीची सुरुवातीची मुदत देतं सात वर्षांची, तीही अंधारात आणि थंड जागी. पत्र्याच्या माळ्यावर पंचवीस वर्षं पडलेला पार्ट न वापरता म्हातारा झालेला असतो. तिसरा मिस्त्रींनीच दिला. नख दाबलं तर खूण उमटली आणि मिटली.

हे जॉइंट बनवणं अवघड नाही. लोखंडी साचा, धातूची पट्टी खरवडून चिकटद्रव्य लावलेली, मोजून घातलेलं कच्चं रबर, दीडशे अंशांच्या पुढचं तापमान आणि काही मिनिटांचा दाब. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात लहान लहान शेडमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी याहून अवघड पार्ट रोज निघतात, आणि त्यांवर महिना-वर्ष दाखवणारी बारीक गोल खूणही उठलेली असते. जुन्या गाड्यांच्या पार्टवर ती नसते.

तेव्हा हा लेख अशा एखाद्या शेडच्या मालकापर्यंत पोचला तर एवढीच विनंती: पाकिटावर देवाचं चित्र छापता, त्याच्या खाली रबराची जात आणि बनवल्याचा महिना छापा. वीस रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ.